हा कोट कुठला?

एनिड हॅस्लमला जगात एकच गोष्ट जाणून घ्यायची होती, आणि ती गोष्ट एका संध्याकाळी अर्ध्या लँकेशरच्या कानावर पडून गेली होती. तिच्याच कानावर तेवढी पडली नव्हती. चौसष्ट सालच्या ऑक्टोबरमधल्या एका शुक्रवारी तिचा मुलगा नेव्हिल टेलिव्हिजनवर नाचला. नाचता नाचता निवेदक डिकी फॅरंटनं त्याला थांबवलं, त्याच्या कोटाची कॉलर चिमटीत धरली आणि विचारलं, "काय रे, हा कोट कुठला?" नेव्हिलनं काहीतरी उत्तर दिलं. ते काय दिलं, एवढंच तिला हवं होतं.

कोट एनिडनं शिवला होता.

आता एनिड काही शिंपीण नव्हे. ओल्डहॅमच्या शर्टांच्या कारखान्यात ती बावीस वर्षं कॉलर शिवत होती. फक्त कॉलर. तिथली पद्धतच तशी; एका बाईनं एकच काम करायचं. बाह्या बेसीच्या, काजं मॉडची, कॉलर एनिडच्या. बावीस वर्षांत तिनं किती पुरुषांच्या मानेभोवती कापड बसवलं याची गणती नाही, पण अख्खा शर्ट म्हणून तिच्या हातून एकही पुरा झालेला नव्हता.

आणि त्या दिवसांत पोरांच्या डोक्यात कपड्यांचं खूळ शिरलं होतं. सतरा वर्षांचा नेव्हिल आठवडाभर यंत्रांच्या कारखान्यात उमेदवारी करायचा. अंगाला तेलाचा वास, नखांत काळं. पण शनिवारी डान्स हॉलला निघाला की त्याचा रुबाब बँकेच्या मॅनेजरला लाजवील असा. कोटाला बटणं तीन, त्यातलं मधलंच लावायचं. छातीवर दुमडलेली पट्टी दोन बोटांपेक्षा रुंद नको. मागे दोन बाजूंना दोन चिरा, बरोबर पाच इंचांच्या.

"साडेपाच केल्या तर काय आभाळ कोसळेल?" एनिडनं विचारलं होतं.

"आई, साडेपाच मागच्या महिन्यात होतं," तो म्हणाला, आणि तो अजिबात थट्टा करत नव्हता.

मँचेस्टरच्या शिंप्याकडून तसा कोट करून घ्यायची ऐपत नव्हती. घरात कापड मात्र होतं, तिच्या नवऱ्याच्या, हॅरल्डच्या सुटाचं. लढाई संपल्यावर सरकारनं सैनिकांना घरी पाठवताना एकेक सूट दिला होता, त्यातला. राखाडी, बारीक रेघेचा. हॅरल्डनं तो लग्नांना आणि मयतांना घातला आणि अठ्ठावन्नमध्ये स्वतःच गेला. एनिडनं विजार पुढं बघू म्हणून ठेवून दिली आणि सहा आठवडे खपून सुटाचा कोट उसवला, उलटवला, बेतला. दोनदा रडली, एकदा कात्री भिंतीवर फेकली. शेवटी कोट उभा राहिला. नेव्हिलनं तो घालून आरशात पुढून पाहिलं, मग मान वळवून मागच्या चिरा पाहिल्या.

"चालेल," तो म्हणाला. त्या वयाच्या पोराकडून याहून मोठं प्रशस्तिपत्र कुणाला मिळालेलं नाही.

टेलिव्हिजन कंपनीची एक बाई डान्स हॉलांमधून हिंडायची आणि पोरंपोरी निवडून त्यांना तिकिटं द्यायची. शुक्रवारी स्टुडिओत या, गाणाऱ्यांच्या भोवती नाचा, पांढरं घालू नका, कॅमेऱ्याकडे बघू नका. तिनं नेव्हिलला निवडलं ते त्याच्या पावलांकडे बघून नक्कीच नव्हे. नाचत तो बेताचाच होता.

एनिडकडे टेलिव्हिजन नव्हता. शेजारच्या पिलिंगांच्या पुढच्या खोलीत त्या संध्याकाळी अकरा माणसं कोंबून बसली होती. गाणं चालू असताना गर्दीत राखाडी कोट दिसला, नाहीसा झाला, पुन्हा दिसला. गाणं संपलं आणि डिकी फॅरंटनं नेमकं त्यालाच पकडलं. प्रश्न सगळ्यांनी ऐकला. आणि एनिडच्या अंगात आलं. ती खुर्चीतून उठली नि ओरडली, "गप्प बसा! गप्प बसा रे सगळे, आमचा नेव्हिल बोलतोय!"

खरं तर त्या क्षणी खोलीत दुसरं कुणीच बोलत नव्हतं. सगळे कान टवकारून होते. तिचं ओरडून होईपर्यंत पडद्यावर पोरं हसत होती, आणि पुढचं गाणं सुरू झालं.

नेव्हिल नऊच्या बसनं घरी आला. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. कोट अंगातच.

"मग? पाहिलंस?"

"पाहिलं की."

"ऐकलंस मी काय बोललो ते?"

आता अकरा माणसांत आपणच आरडाओरडा केला आणि काही ऐकलं नाही, हे पोराला कुठल्या तोंडानं सांगायचं? "ऐकलं," एनिड म्हणाली.

"मग? काही म्हणायचंय का तुला?"

तिला काहीतरी म्हणणं भाग होतं. जे डोळ्यांना दिसलं होतं ते तिच्या तोंडून निघालं; बावीस वर्षांच्या सवयीनं तिचे डोळे पहिल्यांदा तिथंच जायचे. "कॉलर डाव्या बाजूला उचलली गेली होती," ती म्हणाली. "काढ तो, नीट करून देते."

नेव्हिलनं मधलं बटण सोडलं. मग कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला नि वर निघून गेला. पुन्हा तो विषय त्यानं काढला नाही. तिनंही काढला नाही, कारण ऐकलं म्हणून सांगून बसली होती. आणि खरं सांगायचं तर तिला भीतीही वाटत होती. त्यानं मँचेस्टरच्या एखाद्या दुकानाचं नाव घेतलं असलं तर? टेलिव्हिजनवर, एवढ्या पोरींसमोर, 'आईनं शिवला' असं कुठला मुलगा सांगेल?

कारखान्यात सोमवारी विचारायची गरजच पडली नाही. बायका आपण होऊनच सांगत सुटल्या. बेसी म्हणाली त्यानं दुकानाचं नाव घेतलं, मॉड म्हणाली तो नुसताच हसला, तिसरीच्या घरी ऐन वेळी दूध उतू गेलं होतं. पुढच्या वर्षी ईस्टरच्या सुट्टीत नेव्हिल स्कूटरवरून समुद्रकिनाऱ्याला गेला आणि परतताना डोंगरावरच्या धुक्यात लॉरीखाली सापडला. मयताला आलेल्या त्याच बायका एनिडचा हात धरून शपथेवर सांगू लागल्या की तो 'आईनं' म्हणाला होता. बेसीसुद्धा. एनिडला त्यांचा राग आला नाही. पण त्यांच्या शब्दावर तिचा विश्वासही बसला नाही.

सदुसष्टच्या उन्हाळ्यात पेपरात आलं की शुक्रवारचा तो कार्यक्रम आता बंद होणार. एनिड घाबरली. मनात कुठंतरी तिनं धरून ठेवलं होतं की ती संध्याकाळ त्या लोकांकडे जपून ठेवलेली असेल, कधीतरी जाऊ, बघू. तिनं रेघांच्या कागदावर पत्र लिहिलं. उत्तर आलं, टेपांच्या भांडारात येऊन श्री. अन्सवर्थ यांना भेटावं.

ती वेक्सच्या आठवड्यात गेली. वर्षातून एकदा त्या आठवड्यात गावातल्या गिरण्या नि कारखाने एकदम बंद होतात आणि सगळं गाव ब्लॅकपूलला समुद्रावर जातं. धुराडी थंड पडतात, मागचे डोंगर दिसायला लागतात. पिलिंग कुटुंबानं तिला चल म्हणून किती आग्रह केला, पण पाय दुखतो म्हणून ती राहिली. त्याच दुखऱ्या पायानं मंगळवारी मँचेस्टरची बस पकडली.

अन्सवर्थ साठीचे, तपकिरी झगा घातलेले, कानावर पेन्सिल. त्यांनी तिचं पत्र समोर ठेवलं होतं. चहा मागवला, साखर किती विचारलं, आणि मग म्हणाले, "बाई, मी तुम्हाला आशेला लावणार नाही. टेप आहे. कार्यक्रम नाही."

"म्हणजे काय?"

उत्तर द्यायच्या ऐवजी त्यांनी तिला आत नेलं. चहाच्या ट्रेएवढी एक चकती फळीवरून दोन्ही हातांनी उतरवली. डब्यावर कागद चिकटवला होता, त्यावर नावं, आणि एकेका नावावर काट. चौथ्या ओळीत शुक्रवारचा कार्यक्रम, सोळा ऑक्टोबर. काट. त्याखाली कुस्त्या. काट. कुणा बिशपचं प्रवचन, केक कसा करावा, घोड्यांच्या शर्यती.

"टेपा फार महाग असतात," अन्सवर्थ म्हणाले. "म्हणून पुसून पुन्हा वापरायच्या, असा वरचा हुकूम आहे. ते टेबल दिसतंय ना, त्याच्या पोटात चुंबक आहे. वर चकती ठेवायची, बटण दाबायचं. अर्ध्या मिनिटात साफ."

"कोण पुसतं?"

"मीच," ते म्हणाले. नजर चुकवली नाही. "शेकड्यांनी पुसल्यात. आत काय आहे ते मी कधी बघत नाही. ते माझं काम नव्हे."

एनिडला त्यांच्यावर चिडता येईना. एवढी वर्षं कॉलर शिवल्या, पण त्या कुणाच्या गळ्यात गेल्या हे तिनं तरी कधी विचारलं होतं? तिनं हात पुढे करून चकतीच्या थंड कडेवर बोटं टेकवली. नेव्हिल इथं होता. मग त्याच्या जागी दोन पैलवान आले.

"थांबा जरा," अन्सवर्थ म्हणाले नि एक जाडजूड फाइल घेऊन आले. प्रत्येक कार्यक्रमाच्या वेळी एक मुलगी हातात घड्याळ घेऊन बसते आणि कुठलं गाणं किती सेकंद चाललं ते टिपत जाते, असं त्यांनी सांगितलं. बोट फिरवत त्यांनी ओळ काढली. टंकलेल्या अक्षरांत लिहिलं होतं: 'कोटवाला मुलगा. बोलणं. अकरा सेकंद. हशा.'

"हशा कशाला?" एनिडनं विचारलं.

"ते नाही लिहीत हो, बाई."

बसच्या थांब्यावर ती बाकावर बसून राहिली. घरून आणलेलं सँडविच तिनं उघडलं नि तसंच गुंडाळून ठेवलं. अकरा सेकंद म्हणजे काही कमी नव्हेत. अकरा सेकंदांत माणूस किती बोलू शकतो. पण तो हशा तिच्या डोक्यातून जाईना. 'आईनं शिवला' म्हणाला असेल आणि सगळी पोरं त्याला हसली असतील, तर मग घरी येऊन दारात उभा राहिला तो कशासाठी? मी तुझं नाव घेतलं नि माझं हसं झालं, हे सांगायला? की दुकानाचं नाव ठोकून दिलं आणि आई रागावलीय का ते चाचपून बघायला? 'काही म्हणायचंय का तुला?' हे वाक्य तिनं तीन वर्षं दोन्ही बाजूंनी उलटून पाहिलं होतं. तिला तिच्या पोराची आठवण तर रोजच यायची, कढईत बेकन टाकताना, जिन्यावर पाय वाजला की. पण त्या दारातल्या पोराला ती भेटलीच नव्हती, असं तिला वाटायचं. तो तिथं उभा होता आणि ती कॉलरकडे बघत होती.

शनिवारी पिलिंग मंडळी परतली, नाकं उन्हानं सोललेली, एनिडसाठी पेपरमिंटची गुलाबी कांडी आणलेली. स्टॅन्ली पिलिंगनं तिला चहाला बोलावून घेतलं. "काय मग, पाय कसा आहे? आम्ही तिकडे बोर्डिंगच्या म्हातारीची कडक अंडी खात होतो नि तुम्ही इथं राणीसारख्या लोळत पडलात."

एनिडला खोटं रेटवेना. मँचेस्टरला गेले होते म्हणाली आणि सगळं सांगितलं. चुंबकाचं टेबल, पैलवान, अकरा सेकंद. आणि मग, तीन वर्षांत पहिल्यांदाच, हेही सांगितलं की त्या दिवशी आपण काहीच ऐकलं नव्हतं आणि पोराला ऐकलं म्हणून सांगितलं.

"अहो, 'आईनं'च म्हणाला तो," स्टॅन्ली घाईनं म्हणाला. "मी स्वतः ऐकलंय."

"स्टॅन्ली, तू माझ्या मागेच बसला होतास. तुला माझ्या ओरडण्यापलीकडे काय ऐकू येणार?"

स्टॅन्लीनं कपात तोंड घातलं. त्याची मुलगी जॅनिस, आता एकोणीस वर्षांची, सहकारी भांडारात काउंटरवर उभी राहणारी, कोपऱ्यात चहा घेत बसली होती. ती उठली, वर गेली आणि चपलांच्या खोक्यात ठेवलेलं टेपचं एक रीळ घेऊन खाली आली.

"एनिडमावशी, माझ्याकडे आहे," ती म्हणाली. "म्हणजे, काय आहे ते मलाच माहीत नाही."

जॅनिसचं टेपरेकॉर्डरचं यंत्र एनिडला ठाऊक होतं. दर शुक्रवारी ती पोरगी उशीवर मायक्रोफोन ठेवून तो टेलिव्हिजनसमोर मांडायची, आणि गाणं चालू असेतो घरात कुणी खोकायचं नाही, कप बशीत ठेवायचा नाही, असा तिचा कायदा होता. पण टेप वाया जाऊ नये म्हणून बोलणं सुरू झालं की ती बटण बंद करायची. त्यामुळे त्या यंत्राचा विचार एनिडच्या मनात कधी आलाच नव्हता.

"त्या दिवशी मी बंद करायचं विसरले," जॅनिस म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "मी त्याच्याकडेच बघत होते. नंतर लावून पाहिलं तर तुमचा आवाज आला, गाणं बिघडलं म्हणून मी चिडले नि तिथंच थांबवलं. पुढचं ऐकलंच नाही. आणि तो गेल्यावर... मला धीर झाला नाही, मावशी. आणि तुम्हाला तुमचंच ओरडणं ऐकवायचं, ते बरं दिसेना."

एनिडनं तिच्याकडे पाहिलं. ही पोर तीन वर्षं ते खोकं पलंगाखाली ठेवून झोपत होती. "लाव," ती म्हणाली.

रिळं फिरू लागली. एका गाण्याचं शेपूट ऐकू आलं, मग खरखर, स्टॅन्लीचा खोकला. मग एका बाईचा आवाज, अगदी कानाशी: "अगं बाई, तो बघा! तोच तो! हॅरल्डचा सूट!" इतक्या आनंदात असलेली ही बाई कोण, असं एनिडला क्षणभर वाटलं. मग लांबून डिकी फॅरंट. काय रे, हा कोट कुठला? आणि लगेच ती बाई: "गप्प बसा! गप्प बसा रे सगळे, आमचा नेव्हिल बोलतोय!"

त्या ओरडण्याखाली काहीतरी होतं. नुसती एक घरघर. शब्द नव्हता.

एनिडनं डोळे मिटले. तिला वाटलं, संपलं. पण टेप फिरतच होती, आणि डिकी फॅरंट अजून बोलत होता.

"आईनं? खरं सांगतोस? मग मला एक शिवून देईल का रे तुझी आई?"

आणि मग तो. जरासा घोगरा, ओल्डहॅमचा, धाप लागलेला, तिचा पोरगा. "विचारतो तिला. पण आधी माझी पँट व्हायची आहे."

स्टुडिओत हशा पिकला. गिटार वाजू लागलं.

जॅनिसनं बटण दाबलं. स्टॅन्ली खिडकीपाशी जाऊन बाहेर बघत उभा राहिला, बाहेर बघण्यासारखं काही नसताना. "म्हटलं नव्हतं मी?" तो हळूच म्हणाला.

एनिडला हसू आलं आणि ते हसू अर्ध्यावरच मोडलं. पोरं त्याला हसली नव्हती. त्यानं त्यांना हसवलं होतं. सगळ्या जगासमोर त्यानं तिचं नाव घेतलं होतं, वर ऐटीत, जणू मँचेस्टरचा सगळ्यात मोठा शिंपी त्याच्या घरात राहतो. मग नऊची बस धरून तो घरी आला, कोट न काढता दारात उभा राहिला आणि वाट बघत राहिला. पँटचं विचारायचं होतं त्याला. त्या दिवसानंतर पँटचं नाव त्यानं कधी काढलं नाही, आणि हॅरल्डच्या सुटाची ती विजार अजून तिच्या कपाटात घडी घालून पडलेली होती. किती सोपं होतं सगळं. ऐकलं नाही रे, पुन्हा सांग, एवढंच म्हणायचं होतं.

"पुन्हा लाव," ती म्हणाली.

जॅनिसनं लावलं. ती आनंदी बाई पुन्हा ओरडली, आणि नेव्हिलचा पहिला शब्द पुन्हा तिच्याखाली गेला. कितीही वेळा लावलं तरी ती बाई गप्प बसणार नव्हती. एनिडनं तिसऱ्यांदा लावायला सांगितलं. या वेळी ती पुढे झुकून यंत्राच्या जाळीजवळ कान नेऊन बसली, हात मांडीवर, शाळेतल्या पोरीसारखी.

"विचारतो तिला," नेव्हिल म्हणाला. "पण आधी माझी पँट व्हायची आहे."

"शिवते म्हणावं," एनिड म्हणाली. "सांग त्याला, शिवते. आणि आधी तुझीच."

गाणं सुरू झालं. जॅनिसनं डोळे पुसले आणि टेप पुन्हा मागे घेतली.